शंभरावा भाग : कर्ज, व्याज आणि आपण



या रविवारच्या अभ्यासासाठी जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून ठेवावा. हा अध्याय मिस्सामध्ये क्वचितच वाचला जातो, त्यामुळे पुष्कळांना तो माहीत नसतो. पण आपल्या बारामती तालुक्यातील माणसाला तो वाचताना परका वाटणार नाही.

यरुशलेमच्या तटबंदीचे काम चालू आहे. दुष्काळ पडला आहे. लोक आपल्या बायकांसह नहेम्याकडे येऊन गाऱ्हाणे मांडतात. कोणी म्हणतो, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, धान्य नाही. कोणी म्हणतो, धान्यासाठी शेत, द्राक्षमळा आणि घर गहाण टाकले. तिसऱ्याने राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढले आहे. मुली दासी म्हणून द्याव्या लागल्या आणि त्यांना सोडवून आणायला हातात काही नाही, कारण शेत दुसऱ्याच्या ताब्यात. आणि हे कर्ज देणारे कोणी परदेशी शत्रू नाहीत. तेही यहुदीच आहेत, त्याच मंदिरात येणारे, एकमेकांचे भाऊबंद.

सारा भरण्यासाठी कर्ज, कर्जापायी शेत, शेत गेल्यावर चाकरी. हा क्रम आपल्या तालुक्यानेही पाहिला आहे.

सुप्याचा बाजार

सुपे हे गाव आज आपल्या बारामती तालुक्यात आहे. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. त्या वर्षी १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतील शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते रोखे आणि खातेवह्या. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोचले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुढे सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्यातून हेच दिसले की बहुतेक ठिकाणी जमावाचा रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे त्याला फारसा त्रास झाला नाही.

ही दंगल योग्य होती असे येथे म्हणायचे नाही. लूट झाली, घरे जळली, आणि ज्यांची जळली त्यांनाही लेकरेबाळे होती. पण एवढ्या शांत माणसांवर ही वेळ का आली, हे समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला पैसे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. नेमके त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढवला. सारा रोख भरायचा आणि रोकड तर सावकाराच्याच पेटीत!

त्यात आणखी एक गोष्ट घडली. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांची झाली. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, जुनी कर्जे पिढ्यान्‌पिढ्या चालू नयेत हा. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवू लागला. हिशेब करून पाहू. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये. नवा रोखा १७२ चा. त्यावर पुन्हा तीन वर्षे, की झाले सुमारे २९६. आणखी तीन वर्षांनी ५०९. शेतकऱ्याने दुसऱ्यांदा एक पैसाही उचललेला नाही, फक्त तीनदा अंगठा उठवला आहे. आयोगापुढे एक प्रकरण असे आले होते की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले होते. पैसे फेडले तरी पावती नाही, आणि रोख्यात काय लिहिले ते वाचता येत नाही.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ रक्कम किती होती हे तपासण्याचा अधिकार मिळाला. पावती मागण्याचा हक्क मिळाला. हे मोठेच काम होते. पण कायद्याने सावकाराला आवर घातला, शेतकऱ्याला पैसे कोठून मिळणार हे मात्र सांगितले नाही. बियाणे, बैल, लग्न, आजारपण यांची गरज कायद्याने थांबत नाही. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी शेतकी बँकेची कल्पना मांडली. तिचा पहिला प्रयोग शेजारच्या पुरंदर तालुक्यात व्हावा असे १८८० च्या दशकात ठरत होते. येथील सरकार अनुकूल होते, परंतु लंडनहून नकार आला. तेथे थोडी दूरदृष्टी दाखवली असती तर आपल्या भागातील निदान एक पिढी वाचली असती, असे मला वाटते.

पुढे १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. आपल्या पणदऱ्याच्या शिवारातून जाणारा नीरा डावा कालवा त्याआधीच, १८८५ च्या सुमारास सुरू झाला होता. पाणी आले, ऊस आला, पण उसाला भांडवल फार लागते, तेव्हा कालव्याखालचा बागायतदारही सावकाराच्या दारात उभा राहिला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभारली, तेव्हा या नीरा कालव्यावरच्या शेतकऱ्यांची कर्जे हे त्यांच्या डोळ्यांपुढचे एक मुख्य काम होते. आज गावोगाव ‘सोसायटी’ म्हणतो तिची मुळे अशी आपल्याच मातीत आहेत.

दारावरचा गहाणवट आणि दळणाचे जाते

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. निर्गम २२ आणि अनुवाद २४ हे अध्याय घरी वाचावेत. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण रात्री त्याला तेच अंगावर घ्यायचे असते. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्याचे पोट आहे. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. गहाण आणायला गेलेल्याने ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, त्याने स्वतः वस्तू बाहेर आणून द्यावी. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा नियम वसुलीच्या वेळी माणसाची अब्रू राखतो. उंबरठा त्याचा आहे, तेथे धनकोची सत्ता चालत नाही.

आज पांघरूण आणि जाते कोणी गहाण घेत नाही. आज एटीएम कार्ड, पासबुक, रेशनकार्ड, कोरा सही केलेला चेक आणि कोरा स्टँप पेपर ठेवून घेतात. वस्तू बदलल्या, पण ज्यावर त्या घराचे रोजचे चालते तेच आपल्या हातात ठेवण्याची युक्ती तीच आहे.

व्याज घेणे हे पाप आहे काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. ख्रिस्तसभेने पूर्वी सर्वच व्याज निषिद्ध मानले होते. त्या काळी कर्ज म्हणजे बहुधा उपाशी माणसाने मागितलेले धान्य असे. त्यावर नफा काढणे म्हणजे त्याच्या भुकेवर नफा काढणे. पण पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या लक्षात आले की नुसते सावकाराला शाप देऊन गरिबाचे भागत नाही. १४६२ मध्ये इटलीतील पेरुजिया शहरात त्यांच्या प्रेरणेने गरिबांसाठी एक पेढी निघाली. वस्तू ठेवून घ्यायची, थोडे कर्ज द्यायचे आणि खर्च भागेल एवढेच अल्प व्याज घ्यायचे. यावरही काही धर्मपंडितांनी आक्षेप घेतला! अखेर १५१५ मध्ये पोप दहावे लिओ यांच्या काळात लॅटरन धर्मपरिषदेने या पेढ्यांना मान्यता दिली. म्हणजे पेढी चालवण्याचा खर्च घेणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अडचणीचा बाजार करणे वेगळे, हा फरक मान्य झाला. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हलाखीच्या कारणांत अधाशी सावकारीचा उल्लेख केला आहे. २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी गरिबांच्या लहान कर्जयोजनांचे महत्त्व सांगताना सावकारीपासून दुर्बलांचे रक्षण करण्याचीही आठवण दिली.

आपल्या देशातही हे घडले आहे. छोटा नागपूरमध्ये फादर योहान हॉफमन या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ साली आदिवासी श्रद्धावंतांसाठी सहकारी पतसंस्था काढली, कारण जमिनी भराभर सावकारांकडे चालल्या होत्या. वसईला मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये कॅथॉलिक सहकारी संस्था उभी राहिली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. या लोकांनी दानधर्म केला नाही. श्रद्धावंतांचाच पैसा एकत्र करून श्रद्धावंतांनाच दिला.

बँकेच्या दारात कोण पोचतो?

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आज बँकांना आपल्या कर्जांपैकी ४० टक्के कर्जे अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावी लागतात आणि १२ टक्के दुर्बल घटकांना. या दुर्बल घटकांत अल्पभूधारक, शेतमजूर, बचत गट आणि अल्पसंख्य समाजही येतात, म्हणजे आपण ख्रिस्ती लोकही. २०१४ पासून जनधन खाती निघाली, शिल्लक न ठेवता खाते उघडता येते.

मग आपल्या वस्तीवरची माणसे अजून शेकडा पाचने पैसे का काढतात?

याचे उत्तर कागदात आहे. सोसायटीचे पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो दुसऱ्याचे रान अर्धलीने किंवा खंडाने करतो, त्याला सोसायटी ओळखत नाही. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर विधवा सुनेलाही ओळखत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात दरवर्षी येतात, त्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांना मुकादमाकडून हंगामाआधी उचल मिळते आणि ती मजुरीतून फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला गेला. नहेम्याच्या अध्यायातील मुलींची आठवण येथे यावी.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना लागू होत नाहीत. त्यामुळे महात्मा फुले महामंडळाच्या कर्जयोजना आपल्या पुष्कळ कुटुंबांना मिळत नाहीत. शेजारचे घर, तीच परिस्थिती, पण एकाला अर्ज करता येतो आणि दुसऱ्याला नाही. याविषयी खंत आहे आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे. पण दुसरी दारे आहेत, ती ठोठावली जात नाहीत याचीही खंत आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होतो, म्हणून ओबीसी महामंडळाकडे अर्ज करता येतो. २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ ख्रिश्चनांसाठीही आहे. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी तेथे जरूर चौकशी करावी. नावावरून ते फक्त मुस्लिम बांधवांचे आहे असा गैरसमज आपल्यात फार पसरलेला दिसतो.

फार दूर नाही, माण तालुक्यातील म्हसवडची हकिकत पाहा. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर तेथील कष्टकरी बायकांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर, अर्जावर अंगठे. बायका रडत बसल्या नाहीत. काही महिने लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हते, हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

हिशेब घरी करून पाहावा

आपल्याला तोंडी व्याज सांगता येते का? दहा हजार रुपये, शेकडा पाच रुपये महिना. महिन्याला पाचशे. ऐकायला लहान. वीस महिन्यांत दहा हजार व्याज दिले, आणि मुद्दल दहा हजार जसेच्या तसे उभे! दामदुपटीचा जुना नियम आपल्या आजोबांना माहीत होता, मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तो नियम आजच्या सावकारी कायद्यातही आहे.

कंपनीचे कर्ज घेताना ‘फक्त बारा टक्के’ सांगतात. चोवीस हजार घेतले, वर्षभराचे व्याज २,८८० मिळवून २,२४० रुपयांचे बारा हप्ते पाडले. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण चोवीस हजारांवर लावलेले आहे. घटत्या शिलकीवर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून विचारायचे ते एवढेच : दर सरळ की घटत्या शिलकीवर? आणि उत्तर कागदावर मागायचे.

एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जासाठी नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज तारणाशिवाय द्यायचे असते. सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नवाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन किंवा फेरी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. उंबरठ्याचा तो जुना नियमच येथे नव्या शब्दांत आला आहे. तक्रार आधी त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

मात्र नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन-चार कंपन्यांकडून कर्जे घेऊन एकाचा हप्ता दुसऱ्याच्या पैशातून भरणाऱ्या भगिनी आपल्यातही आहेत. गटातील एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांनी तिच्या दारात बसायचे, हे आपणच आपल्याशी करतो. त्यापेक्षा आपला बचत गट बरा. तेथे शेकडा दोन व्याज असले तरी ते व्याज गटाच्याच पेटीत राहते. नाबार्डने १९९२ पासून असे गट बँकेला जोडले आहेत, पण वही नीट लिहिलेली असली तरच बँक पुढे येते.

आणि आपल्यातले सावकार?

हा भाग लिहायला अवघड आहे. नहेम्याने सभा बोलावली तेव्हा तो फक्त श्रीमंतांवर रागावला नाही. आपण, आपले भाऊ आणि आपले सेवक यांनीही पैसे आणि धान्य कर्जाऊ दिले आहे, हे त्याने सर्वांसमोर कबूल केले. मग म्हणाला, हे व्याज सोडून देऊ. शेते, मळे, घरे परत करा आणि पैशाचा, धान्याचा जो शंभरावा भाग घेता तोही परत करा. शंभरावा भाग म्हणजे महिन्याला शेकडा एक असे बहुतेक भाष्यकार मानतात, वर्षाला बारा टक्के. लोकांनी धर्मगुरूंसमोर शपथ घेतली.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकारासाठी त्या वर्षी जाहीर झालेले दर असे : शेतीसाठी तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतर कामासाठी तारणावर १५, विनातारण १८. ‘महिन्याला पाच’ म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे त्याच्या जवळपासही नाही. परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मिस्साला आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाही तो कायदा लागू आहे. भावाला, शेजाऱ्याला अडचणीत हातउसने देणे हा गुन्हा नाही. ते संत लूकने शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलेल्या मार्गाने जाणे आहे, परतफेडीची आशा न धरता.

सावकारीच्या व्यवहारात कोणाची जमीन खरेदीखत करून गेली असेल, म्हणजे कर्ज होते आणि कागद मात्र विक्रीचा झाला, तर अर्ज केल्यापासून मागे पंधरा वर्षांच्या आतील व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. पुष्कळांना हे कलम माहीतच नसते आणि मुदत निघून जाते. अर्ज करण्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जावे. बरोबर खरेदीखताची नक्कल, त्या काळचा आणि आताचा सातबारा, फेरफार, दिलेल्या पैशांच्या काही नोंदी असतील त्या, आणि व्यवहार माहीत असलेल्या दोन माणसांची नावे न्यावीत. बँकेतून पैसे दिले असतील तर पासबुकातील त्या पानाची प्रतही जोडावी. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी, शिक्का आणि तारीख पाहून घ्यावी.